सायलेन्सरवर उधळता, मग टायर आणि शॉकअपनं काय घोडं मारलंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या पेपरात दुचाकीची काळजी म्हणून अर्धं पान आलं होतं ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. रेनकोट कुठला घ्यावा, मोबाइलचा होल्डर, सीट कव्हर, चेनला वंगण, बॅटरीचे टर्मिनल, सगळं व्यवस्थित होतं, टायरवर मात्र एकच ओळ, की टायर गुळगुळीत झाले असल्यास बदलावेत, आणि पुढच्या शॉकअपचं तर नावसुद्धा नाही. आता यात एकट्या तुमचंच चुकलं असं मी म्हणणार नाही, कुठल्याही गॅरेजला गाडी लावा, सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल, एअर फिल्टर, ब्रेकशू, चेन टाइट, वॉशिंग आणि वरून पॉलिश, झालं काम. पण गाडी वळणावर सांगितलेल्या लाइनीत राहते का, खड्ड्यात हँडल हातातून निसटतंय असं वाटतं का, पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते का, हे सगळं ज्या दोन गोष्टींवर ठरतं त्या कुणाच्या खिजगणतीतच नाहीत.

मी कोल्हापूरचा. रोज शिरोली एमआयडीसीला कामाला जातो, सुट्टीला जमेल तसं आंबा घाट नाहीतर गगनबावडा. गाडी १५० सीसीची, कंपनीचं नाव घेत नाही कारण हे रडगाणं एका कंपनीचं नाहीच. आमच्याकडं पोरांना गाडीची हौस किती आहे हे मी सांगायला नको, पण ती हौस कुठं खर्च होते ते बघा. सायलेन्सर, एलईडीच्या पट्ट्या, रेडियमची अक्षरं, क्रॅशगार्ड, आरसे काढून टाकायचे नाहीतर हँडलच्या टोकाला लावायचे. पंधरा-वीस हजार सहज जातात. त्याच पोराच्या गाडीचा पुढचा टायर बघा, गाडी शोरूममधून आली तेव्हाचाच, आणि शॉकअपच्या नळीवर ऑइलचा काळा चिकट गोल.

टायरचंच आधी घेतो.

टायरवर काय काय लिहिलेलं असतं हे आयुष्यात एकदा तरी उकिडवं बसून वाचावं. १००/९०-१७ ५५पी असं काहीतरी असतं. १०० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ९० म्हणजे रुंदीच्या नव्वद टक्के उंची, १७ म्हणजे इंचात रिम, ५५ हा वजनाचा आकडा म्हणजे २१८ किलो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत चालेल. आणि याच्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कुठंतरी एका बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, समजा २३२१, तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. किती जणांनी टायर घेताना हे बघितलंय? दुकानदार वरच्या फळीवरून टायर काढतो, धूळ पुसतो, नक्षी नवीकोरी, त्यावरचे रबराचे केस पण शाबूत, म्हणून आपण खूश. पण रबर पडून पडून कडक होतं, ऊन लागलं, उष्णता लागली की अजून लवकर होतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, नक्षी कितीही खोल असू दे. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा दुकानदारानं चार वर्षांपूर्वीचा टायर पुढं केला, मी आकडे दाखवले तर म्हणतो कसा, "साहेब टायर काय दूध आहे का नासायला." दुसऱ्या दुकानात गेलो, तिथं चार महिन्यांपूर्वीचा मिळाला आणि पैसे तेवढेच.

गुळगुळीत होईपर्यंत थांबू नका हे तर आहेच. नक्षीच्या खाचेत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात आणि टायरच्या कडेला त्यांची खूण असते, टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला की संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये, ९४ क्रमांकाच्या नियमात, दुचाकीला कमीत कमी ०.८ मिलिमीटर खोली पाहिजे असं लिहिलंय. पण ही कायद्याची शेवटची पायरी झाली. आंबा घाटात जुलै महिन्यात रस्त्यावरनं पाणी वाहत असताना ०.८ मिलिमीटरच्या खाचेतून किती पाणी बाहेर फेकलं जाणार हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता हँडलिंगचा मुद्दा, जो त्या लेखात आलाच नाही. टायर झिजतो तो सगळीकडं सारखा झिजत नाही. आपण बहुतेक वेळ सरळ रस्त्यानं जातो, हायवेनं जाणाऱ्यांचं तर बघायलाच नको, त्यामुळं मागचा टायर मधोमध सपाट होत जातो आणि कडा तशाच राहतात. नव्या टायरची गोलाई एकसारखी असते म्हणून गाडी वळणात हळूहळू झुकते, पण हा सपाट झालेला टायर आधी झुकायलाच तयार नसतो आणि मग त्या सपाट भागाची कड ओलांडली की एकदम पडल्यासारखा आत जातो. घाटात ज्यांना गाडी आपोआप आत खेचल्यासारखी वाटते त्यांनी आधी मागचा टायर मागनं उभं राहून बघावा, बऱ्याचदा उत्तर तिथंच दिसतं. पुढच्या टायरचं वेगळं, तिथं नक्षीच्या ठोकळ्यांवर हात फिरवला की एका दिशेनं मऊ आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं लागतं, कधीकधी तर टायरला लाटा पडल्यासारखे खड्डे असतात. हे हवा कमी ठेवल्यामुळं होतं किंवा शॉकअप मेल्यामुळं, चाक रस्त्यावर टेकून राहायच्या ऐवजी टणाटण उडत राहतं आणि प्रत्येक उडीला रबर ठरावीक जागी खरवडतं. म्हणजे शॉकअपचं दुखणं टायरवर लिहिलेलं असतं. असा टायर नुसता बदलून काही उपयोग नाही, नवा पण काही महिन्यांत तसाच होणार.

मग रुंद टायरचं खूळ. आपल्याकडं २००८ साली यामाहाची एफझी आली, तिला मागं १४० चा टायर होता, आणि तेव्हापासनं जाड टायर म्हणजे भारी गाडी हे पोरांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. एफझीचं रिम त्या टायरसाठीच बनवलेलं होतं हो, आपलं नाही! शंभरच्या टायरचं रिम अरुंद असतं, त्यात १२० कोंबला की टायर दोन्ही बाजूंनी चिमटला जातो आणि वरचा आकार नको तितका टोकदार होतो, म्हणजे दिसायला रुंद आणि रस्त्याला टेकायला उलट कमी. वर वजन वाढलं, गाडी वळायला आळशी झाली, मायलेज गेलं, चेनगार्डला नाहीतर मागच्या आर्मला घासायला लागला ते वेगळंच. ज्यांना खरंच पकड पाहिजे त्यांनी कंपनीचीच साइझ ठेवून, फारतर गाडीच्या पुस्तकात चालेल म्हटलं असेल तर एक नंबर वर, चांगल्या रबराचा टायर घ्यावा. मऊ रबर म्हणजे पकड जास्त आणि आयुष्य कमी, कडक रबर म्हणजे उलटं, दोन्ही एकाच टायरमध्ये फुकटात मिळत नाही. कंपनी नव्या गाडीला बहुतेक वेळा कडक आणि हलका फिरणारा टायर देते कारण जाहिरातीत मायलेजचा आकडा छापायचा असतो, कमी सीसीच्या गाड्यांना तर नक्कीच. आणि जमलं तर दोन्ही टायर एकाच मेकचे, एकाच जोडीतले घ्या, पुढचा एका स्वभावाचा आणि मागचा दुसऱ्याचा असला की वळणात गाडीचं एकमत होत नाही. बाणाची दिशा बघा, पंक्चरवाला घाईत उलटा बसवतो. नवा टायर वरून थोडा गुळगुळीत असतो म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जरा दमानं.

हवेबद्दल बोलायला नको पण बोलतो. माझ्या गाडीच्या पुस्तकात पुढं २५, मागं एकट्याला २८ आणि डबल सीट ३२ दिलंय, आणि पंपावरचा माणूस न विचारता दोन्हीकडं ४० मारतो. तेवढ्या हवेवर टायर दगडासारखा होतो, मग लोक म्हणतात शॉकअप हार्ड आहेत. नायट्रोजन भरा म्हणून वरून पैसे घेतात ती गंमत वेगळीच, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो की. दोन-तीनशे रुपयांचा हवा मोजायचा गेज घरी ठेवा, सकाळी गाडी गार असताना बघा, एवढं केलं तरी निम्म्या लोकांच्या गाड्या सुधारतील असं माझं मत आहे.

आता शॉकअप. पुढच्या शॉकअपमध्ये काय असतं तर दोन नळ्या एकात एक सरकणाऱ्या, आत एक लांब स्प्रिंग आणि ऑइल, आणि त्या ऑइलला जायला बारीक भोकं असलेली एक दांडी. स्प्रिंग वजन उचलते आणि ऑइल त्या स्प्रिंगला नाचू देत नाही. एवढंच. ही काही नवी भानगड नाही, बीएमडब्ल्यूनं १९३५ साली विकायच्या मोटारसायकलवर ऑइलवाला टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे असा एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा पुढचा शॉकअप, दिला तेव्हापासनं मूळ कल्पना तीच आहे, आणि आपल्या स्प्लेंडरमध्ये पण तीच. पण लोकांना वाटतं की हे ऑइल जन्मभर पुरतं. गाडीच्या इंजिनचं ऑइल तीन हजारला बदलतील आणि शॉकअपचं ऑइल गाडी विकेपर्यंत तेच, जोपर्यंत सील फुटून बाहेर येत नाही तोपर्यंत. आणि बाहेर आलं की ते थेट खाली डिस्कवर आणि कॅलिपरवर, म्हणजे ब्रेक पॅडची पण वाट.

माझ्या गाडीचे शॉकअप मी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रींकडं उघडून घेतले. बाहेरनं एक थेंब गळत नव्हता, दिसायला ठणठणीत. वरची टोपी काढून नळी उलटी केली तर आधी पाण्यासारखं पातळ करडं काहीतरी आलं आणि मग तळाची चांदीसारखी चमकणारी लगदी, आणि वास असा की शेजारच्या लेथवरचा पोरगा उठून बाहेर गेला. मिस्त्रींनी ते बोटांवर घेऊन चोळलं, चिकटपणा शून्य. म्हणजे इतके दिवस मी निव्वळ स्प्रिंगवर गाडी चालवत होतो. मग नळ्या रॉकेलनं धुतल्या, ट्यूबलाइटसमोर धरून फिरवत फिरवत वाकल्यात का ते बघितलं, नखानं गंजाचे टिपके शोधले, कारण क्रोमवर एक बारीक खळगा जरी असला तरी तो नव्या सीलचं ओठ कापतो आणि महिन्याभरात परत गळती. नवीन सील, नवीन धूळ-सील, आणि कंपनीनं सांगितलेलं त्याच ग्रेडचं ऑइल, मापाच्या नळीनं मोजून. मोजून हा शब्द मुद्दाम लिहितोय, कारण बऱ्याच ठिकाणी डब्याच्या टोपणानं अंदाजे ओततात आणि वर तेही इंजिन ऑइल. ऑइलची पातळी नळीच्या वरच्या तोंडापासनं मिलिमीटरमध्ये मोजायची असते, स्प्रिंग काढून आणि नळी पूर्ण दाबून, कारण वर जी हवा उरते ती पण दाबली की स्प्रिंगसारखंच काम करते. एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी झालं की दोन नळ्या एकमेकींशी भांडणार.

या सगळ्याला सील, ऑइल, मजुरी धरून साधारण हजार-बाराशे रुपये गेले. एका एलईडी पट्टीच्या सेटचे पैसे.

आता हे झालं रिपेअर, अपग्रेड कुठं आहे असं विचाराल. तर माझं म्हणणंच ते आहे की आपल्याकडच्या शंभरातल्या बहुतेक गाड्यांना रिपेअर हेच अपग्रेड आहे. त्याच्या पुढं जायचं तर आधी गाडी आपल्या वजनाला किती बसते ते मोजावं. पद्धत एकदम सोपी. शॉकअपच्या चकचकीत नळीवर प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधायचा, दोघांनी गाडी धरून पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण लांबू द्यायचा, तसाच असताना टाय खाली सरकवून सीलला टेकवायचा, मग चाक खाली ठेवून आपण नेहमीच्या कपड्यांत अलगद बसायचं, उतरायचं, चाक परत उचलायचं आणि टाय सीलपासनं किती वर सरकला ते पट्टीनं बघायचं. एकूण चालीच्या, म्हणजे शॉकअप जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्याच्या, पाव ते तिसरा हिस्सा एवढं बसणं ठीक. निम्म्याच्या वर बसत असेल तर ब्रेक मारल्यावर दाबायला काही उरतच नाही. पुढचा ब्रेक दाबला की सगळं वजन पुढं येतं, शॉकअप दबतो, पुढच्या चाकाचा कोन उभा होतो आणि गाडी चटकन वळायला तयार होते, हे थोडं झालं तर चांगलंच असतं. पण शॉकअप तळाला जाऊन ठप्पकन आदळला की त्यानंतरचा प्रत्येक खड्डा सरळ टायरवर येतो, टायर क्षणभर रस्ता सोडतो, आणि नेमकं तेव्हाच आपण ब्रेक दाबून वळणात असतो. गाडी का घसरली कळलंच नाही म्हणणाऱ्या किती जणांचं असं झालं असेल कोण जाणे, पंचनाम्यात तर खड्डा आणि वेग एवढंच येतं.

मग त्यावर इलाज म्हणून मिस्त्री लोक स्प्रिंगच्या वर पीव्हीसी पाइपचा तुकडा घालतात. हसू नका, बरोबर मापात कापला आणि तोंडं काटकोनात घासली तर तो चालतो, आमच्याकडं तर टर्नरकडनं ॲल्युमिनियमचा करून मिळतो. पण त्यानं काय होतं ते समजून घ्या. गाडी थोडी वर उचलली जाते, स्प्रिंग कडक होत नाही. अंगानं जड माणसाला किंवा रोज डबल सीट जाणाऱ्याला खरंतर जाड तारेची स्प्रिंग पाहिजे, किंवा खाली जाईल तशी कडक होत जाणारी, जिच्यात एका बाजूचे वेढे जवळ जवळ असतात. आणि ऑइल जरा जाड ग्रेडचं घातलं तर ब्रेकला नाक खुपसायची डुबकी कमी होते, पण त्याची किंमत बारीक आणि तीक्ष्ण खड्ड्यांवर मोजावी लागते. आतल्या दांडीची भोकं तेवढीच राहतात ना, आणि नळी जितकी जोरात दाबली जाईल त्याच्या वर्गाच्या पटीत ऑइल अडतं, म्हणून हळू डुबकीला मऊ आणि स्पीडब्रेकरच्या कडेला दगड, हा या साध्या शॉकअपचा जन्मजात दोष आहे. तो घालवायला मोठ्या गाड्यांसाठी ऑइलची वाट दाबाप्रमाणे कमी-जास्त करणारे व्हॉल्व्ह आणि कार्ट्रिज, म्हणजे त्या दांडीच्या जागी बसणारे तयार संच, मिळतात. रॉयल एनफील्डच्या इंटरसेप्टरला, जिला ४१ मिलिमीटरची नळी आणि ११० मिलिमीटरची चाल आहे, इटलीच्या आंद्रेआनी आणि थायलंडच्या वायएसएस अशांचे किट येतात, लोक बसवतात आणि फरक पडतो. पण किंमत बघून घ्या, आणि आपल्या ३०-३१ मिलिमीटरच्या बारीक नळीच्या गाड्यांना असलं काही सहसा मिळत पण नाही. गंमत म्हणजे शॉकअप बनवणारे मोठे कारखाने आपल्याच राज्यात आहेत, वाळूजला एन्ड्युरन्स, नाशिकला गॅब्रिएल, लाखोंनी फोर्क इथनं बाहेर पडतात. मग वजनाप्रमाणे दोन-तीन ग्रेडच्या स्प्रिंगा शोरूमच्या काउंटरवर ठेवायला कंपन्यांना काय अडचण आहे? पन्नास किलोची पोरगी आणि शंभर किलोचा गडी, दोघांना एकच स्प्रिंग.

काही जण याच्यावर उडी मारून सरळ दुसऱ्या गाडीचा उलटा फोर्क, म्हणजे जाड नळी वर आणि बारीक खाली असलेला, आणून बसवतात, तो सोनेरी रंगाचा. दिसतो झकास. पण त्याची लांबी वेगळी, टी म्हणजे दोन्ही नळ्या धरणारा तुकडा वेगळा, चाक वेगळं, ब्रेक वेगळा, आणि लांबी वीस-पंचवीस मिलिमीटरनं जरी चुकली तरी गाडीचा सगळा कोन बदलतो, मग सरळ रस्त्यावर जोरात गेलं की हँडल लटपटायला लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असंच सांगितलंय. उद्या काही झालं आणि विम्यावाल्यानं बोट ठेवलं तर कुणाच्या तोंडाकडं बघणार? सर्व्हिस पार्ट, ऑइल आणि कंपनीनं सांगितलेल्या साइझचा टायर यात असली काही भानगड नाही.

अजून एक राहिलं. शॉकअपला शिव्या घालण्याआधी हँडलचे बॉल रेसर, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बघा. मेन स्टँडवर गाडी लावून पुढचं चाक हवेत ठेवा आणि हँडल एका बोटानं फिरवा, मधोमध खटका लागतो का, जणू एखाद्या खोबणीत बसतंय? मग रेसला खड्डे पडलेत, गाडी सरळ जाताना सारखी इकडनं तिकडं डुलणार, टायर-शॉकअप कितीही नवे घाला. आणि गाडी कधी पडली असेल तर दोन्ही नळ्या टीमध्ये पिळल्या जातात, चाक सरळ आणि हँडल तिरकं. बऱ्याचदा खालचे बोल्ट ढिले करून, शॉकअप दोन-चारदा दाबून, परत आवळले की सुटतं. फुकटचं काम आहे, पण करतो कोण.

माझ्या गाडीला हे सगळं झाल्यावर काय फरक पडला ते सांगतो, उगाच फुगवून नाही. गाडी जास्त पळत नाही, मायलेज तर किंचित कमीच झालं. पण मलकापूरच्या पुढं आंबा उतरताना वळणात मधेच खराब पॅच आला तर आता हँडल आवळून धरावं लागत नाही, गाडी आपली लाइन धरून राहते, आणि पुढचा ब्रेक दाबला तर हळूहळू बसते, आदळत नाही. आमच्या सौ. मागं बसतात त्या आधी स्पीडब्रेकरला माझ्या खांद्याला धरायच्या, आता मोबाइल बघत असतात. उसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर येतो, त्यात उसाचा पाला, त्यावर सकाळचं दव, तिथं मात्र कसला टायर आणि कसला शॉकअप, हळू जाणं हाच उपाय. झेब्रा क्रॉसिंगच्या जाड पांढऱ्या पट्ट्या आणि पेव्हर ब्लॉक पावसात साबणासारखे होतात त्याबद्दल महापालिकेला वेगळं पत्र लिहावं लागेल.

आता संपादक महाशय, तुमच्याकडं आणि तुमच्यामार्फत बाकीच्यांकडं मागणं. २०२२ च्या केंद्र सरकारच्या अहवालात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे. त्याच वर्षी सरकारनं टायरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि फिरण्याचा विरोध यांचे किमान निकष आणले, एआयएस-१४२ नावाचे, ते कारच्या, टेम्पोच्या आणि ट्रक-बसच्या टायरला. दुचाकीचा टायर त्यात नाही. म्हणजे ज्याला चार चाकं आणि वर छप्पर आहे त्याची ओली पकड तपासणार, आणि दोन चाकांवर जीव तोलून चाललेल्याला म्हणणार तुझं तू बघ. हा प्रश्न कुणीतरी खासदारांना विचारायला पाहिजे, आणि पेपरवाल्यांनी विचारला तर उत्तर मिळायची शक्यता जरा जास्त असते.

दुसरं म्हणजे प्रायव्हेट दुचाकी एकदा रजिस्टर झाली की पंधरा वर्षं तिच्याकडं आरटीओ बघत नाही. पीयूसीला आपण ठरल्या मुदतीला जातो, तिथं धूर तपासतात, तिथंच उभ्या गाडीच्या टायरची खोली मोजायला आणि शॉकअप गळतोय का बघायला एक मिनिट लागतं. दंड करू नका हवं तर, नुसतं सर्टिफिकेटवर छापून द्या की पुढचा टायर बदलण्याच्या मापाला आलाय, माणूस घरी जाऊन विचार तरी करेल. आणि टायर दुकानदारांनी बिलावर टायरचा आठवडा आणि साल लिहायचं, औषधाच्या बिलावर एक्सपायरी लिहितातच की. कंपन्यांच्या सर्व्हिस कार्डवर ऑइल फिल्टरच्या रांगेत शॉकअपच्या ऑइलची एक चौकट असते, काहींच्या असते, काहींच्या नुसतंच 'तपासा' लिहिलेलं असतं, आणि तपासा म्हणजे हँडल दोनदा दाबून टिक मारा. त्या टिकच्या जागी किलोमीटरचा आकडा आणि ऑइलचा ग्रेड लिहिला गेला पाहिजे.

आणि तुमच्या पेपरला एवढीच विनंती की पुढच्या वेळी पावसाळ्याची पुरवणी काढाल तेव्हा रेनकोटच्या जाहिरातीशेजारी टायरवरचे ते चार आकडे कुठं असतात त्याचा एक मोठा फोटो छापा, बाण दाखवून. बाकी माहिती लागली तर उद्यमनगरात सांगणारे पुष्कळ मिस्त्री आहेत, फक्त दुपारी जेवायच्या वेळेत जाऊ नका.

आपला नियमित वाचक,
कोल्हापूर